काचेच्या फ्यूजवरची तार

हे लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तीही मोटारी, ट्रान्सफॉर्मर शिकायला. माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत सरांनी आजवर ‘अक्षर सुधारा’ यापलीकडे काही लिहिलेलं नाही. शिवाय जे सांगणार आहे त्यात माझं शहाणपण कुठेच नाही, चूक मात्र पूर्ण माझी आहे. चूक करणाऱ्याने गप्प बसावं हेच बरं. ते मी बरेच महिने करून पाहिलं, जमलं नाही.

माझे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना भाड्याची सात सीटची गाडी चालवतात. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. तिथून सुरत, नाशिक, शिर्डी अशा त्यांच्या फेऱ्या असतात. हायवेवर वेग मोजणारे कॅमेरे लागले तेव्हापासून त्यांच्या मोबाइलवर चलनाचे मेसेज येऊ लागले आणि मेसेजचा आवाज आला की त्यांचा चेहरा उतरायचा. परदेशातून आलेल्या एका गिऱ्हाइकाने त्यांना रडार डिटेक्टर दिला. साबणाच्या वडीएवढी काळी पेटी. पुढे कुठे वेग मोजणारं यंत्र असलं की ती आधीच टीट-टीट करते. नानांनी तिचं नाव टिटवी ठेवलं. टिटवीचं ओरडणं अशुभ, गाडीत असलं नाव नको, म्हणून काकू चिडल्या होत्या. ही पेटी गाडीत लावणं कायद्यात बसतं की नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायची भीती वाटत होती.

पेटीची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये जायची. गिअरवर लोंबायची, पायात यायची. मोबाइल चार्जिंगला लावायचा तर पेटी बंद करावी लागायची. आणि लोंबती वायर पाहून पोलीस विचारतील याची नानांना धास्ती. त्यांना ती कायमची आत बसवून हवी होती, वायर कुठेही दिसायला नको.

मी एका शनिवारी जळगावच्या कॉलेजातून घरी आलो, तो दिवस नेमका अक्काच्या पाठवणीचा. अक्का म्हणजे नानांची मुलगी, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाला सव्वा महिना झाला होता आणि त्या दिवशी ती सासरी, पिंपळनेरला, परत जाणार होती. दिवेलागणीच्या आत बाळाने सासरचा उंबरा ओलांडायचा, असं ठरलेलं. म्हणजे पारोळा, धुळे, साक्री करत तिथे पोचायचं तर दोनच्या सुमारास निघणं भाग होतं.

अकराला नानांनी पेटी माझ्या हातात दिली.

“तू कॉलेजमा लाईटनंच शिकस ना? मंग हाई तर तुना डावा हातना खेळ शे,” ते म्हणाले. “नही जमनं तर सांग. बैलगाडीले लावी देसूत.”

सगळे हसले. मीही हसलो. गाडीच्या वायरिंगला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता, हे मात्र बोललो नाही.

फ्यूजची पेटी स्टेअरिंगखाली, ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याजवळ असते. मी पाठीवर झोपून डोकं पेडलपाशी घातलं. इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्टर केला आणि किल्ली फिरवल्यावरच ज्यात वीज येते असा फ्यूज शोधला. तो वायपरचा होता, वीस अँपिअरचा. त्याच्या पायाला पेटीची लाल वायर गुंडाळून तो परत बसवला. काळी वायर रंग खरवडून बॉडीच्या बोल्टला दिली. मग लाल वायर पेडलच्या मागून ओढून, काचेशेजारच्या रबरी पट्टीखाली प्लॅस्टिकच्या फूटपट्टीने दाबत आरशापर्यंत नेली. एका ठिकाणी ती अडकली होती. मी जोर लावला, ती आली.

लाल वायरीच्या मध्ये, छोट्या डबीत, काचेचा एक बारीक फ्यूज होता. दोन अँपिअरचा. काही बिघडलं तर आधी तो जळावा आणि वायर वाचावी, एवढ्यासाठीच तो असतो. शेवटची जोडणी करताना किल्ली चालू राहिली होती. दोन टोकं एकमेकांना लागली, ठिणगी उडाली आणि काचेच्या आतली तार नाहीशी झाली.

दीड वाजला होता. भडगावला जाऊन यायला तास गेला असता आणि तिथे असा फ्यूज मिळेलच याची खात्री नव्हती. ओट्यावर काकूंनी अक्काची ओटी भरायला घेतली होती. गाडीभोवती शेजारपाजारचे जमले होते. समोरच्या घरातले म्हातारे आबा काठी टेकून बघत होते. ते म्हणाले, “एक वायर जोडाले इतला येळ, मंग डिग्री कव्हय भेटी?”

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीला लाइट दिवसातून ठरावीक तासच मिळते. शेताला पाणी देणं चालू असताना फ्यूज उडाला तर वाफे कोरडे राहतात. म्हणून गावात कोणीच फ्यूजमध्ये फ्यूजची तार घालत नाही. सर्व्हिस वायर सोलायची, तांब्याचे दोन-तीन पदर पिळायचे आणि बसवायचे. याला ‘डायरेक्ट’ म्हणतात. आठवीपासून मी हे करत आलो होतो. तेव्हा माझ्या हातांनी विचार केला नाही, असं म्हणायला सोपं आहे. खरं असं की मी लोकांकडे पाठ केली, तांब्याचे तीन पदर त्या काचेच्या फ्यूजवर गुंडाळले, डबी बंद केली आणि वर टेप मारला. पाठ केली, म्हणजे ते लपवण्यासारखं आहे हे मला कळत होतं.

किल्ली फिरवली. पेटीचा हिरवा दिवा लागला आणि ती दोनदा टीट करून गप्प झाली. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्या आबांना ते म्हणाले, “देखा, आमना पोऱ्या.” चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला. मागच्या सीटवर अक्का, तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, शेजारी काकू. सव्वादोनला गाडी गेली.

मी अवजारं गोळा करायला वाकलो. जिथे ड्रायव्हरचं दार होतं तिथे मातीत लाल रंगाची एक पातळ साल पडली होती. आधी वाटलं, मिरचीची असेल. उचलली तर प्लॅस्टिक.

वायर अडकली होती ती पेडलमागच्या पत्र्याच्या कडेला. ओढताना तिचं आवरण तिथे सोललं गेलं होतं. म्हणजे उघडी तार त्या पत्र्याजवळ कुठेतरी होती, गाडी हादरली की त्याला घासणार होती, आणि तिच्या मागचा फ्यूज मी स्वतः निकामी करून ठेवला होता. वायपरचा वीसचा फ्यूज उडेपर्यंत ती दोऱ्यासारखी वायर लालबुंद झाली असती. खाली पायपुसणं, वर फोम, मागे सव्वा महिन्याचं बाळ.

नानांना फोन लावला. रिंग पूर्ण गेली. गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत, हा त्यांचा नियम, आणि त्याचा आम्हाला अभिमान. काकूंना लावला तर त्यांचा मोबाइल आतल्या खोलीत, पिठाच्या डब्यावर वाजू लागला. अक्काचा बंद. नानांना मेसेज केला: गाडी थांबवा, टिटवीची वायर काढा. दोन टिक आल्या, निळ्या झाल्या नाहीत. पुन्हा लावला. सहा-सात वेळा लावल्यावर हात इतका घामेजला की स्क्रीनवर बोट उमटेना.

माझे वडील, त्यांनाही आम्ही आबाच म्हणतो, गोठ्यात दावं विणत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, पेटीच्या फ्यूजमध्ये मी तांब्याची तार घातली आहे.

“मोटरले तर बठ्ठाच घालतस,” ते म्हणाले.

मी सांगितलं, मोटारीची वायर जाड असते, ही केसासारखी आहे, आणि ती सोलली गेली आहे. हातातली लाल साल दाखवली. कॉलेजात आम्ही असाच प्रयोग केला होता, बारीक वायरीतून जास्त करंट सोडून ती कशी पेटते ते पाहिलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी दावं बाजूला ठेवलं. आबा दुसरीपर्यंत शिकलेले. मी जे शिकतो ते त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं, त्यांचा विश्वास होता.

“तुले हाई माहीत व्हतं का नव्हतं?”

मला ‘नव्हतं’ म्हणता आलं असतं.

“व्हतं,” मी म्हणालो.

ते रागावले नाहीत. टोपी घातली, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि म्हणाले, “चाल.”

पाऊण तास आधी निघून गेलेली गाडी आम्ही मोटारसायकलवर गाठू शकणार नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण घरी बसणं शक्य नव्हतं. आबा गाडी चालवत होते, मी मागे बसून एका हाताने मोबाइल कानाला धरला होता. कापूस संपून गेला होता आणि लोक पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, जाळत होते. पारोळ्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेताशेतात धूर. लांब कुठे काळा लोट दिसला की मी सीटवरून अर्धवट उठून बघायचो, जवळ गेलं की कोणी तरी काठीने काटक्या लोटत उभा असायचा. असं किती वेळा झालं ते सांगता येणार नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ही आपलीच गाडी. वाटेत रस्त्याच्या कडेला पांढरी गाडी थांबलेली दिसली, दारं उघडी. मी आबांच्या खांद्याला इतकं जोरात धरलं की मोटारसायकल हेलकावली. ती दुसरीच होती, ड्रायव्हर टायर बदलत होता.

पारोळ्यानंतर नानांचा फोन लागेनासा झाला. आधी रिंग तरी जायची, आता बाई सांगायची की संपर्क होऊ शकत नाही. नव्या मेसेजला एकच टिक. नेटवर्क नसेल, हे मला कळत होतं. जळालेल्या मोबाइललाही एकच टिक येते, हेही कळत होतं. मी पिंपळनेरला अक्काच्या नवऱ्याला फोन लावला. ते हसत म्हणाले की आम्ही वाट बघतोय, ओवाळायचं ताट तयार आहे. मी नुसतं बरं म्हणून ठेवला. त्या माणसाला काय सांगायचं होतं?

देवाला नवस बोलावा तर काय बोलावं तेही सुचेना. मी मनातल्या मनात आकडेमोड करत राहिलो: किती अँपिअर, वायर किती जाड, किती सेकंद. परीक्षेत मला अशी उदाहरणं सुटायची. इथे प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं आणि एकही चांगलं नव्हतं. पेट्रोल टाकायला थांबलो तेव्हा आबांनी मला पाण्याची बाटली दिली आणि झाकण स्वतःच काढून दिलं.

धुळ्याच्या अलीकडे, पाच वाजायला आले असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला. आबांनी आवाज ऐकून न सांगताच मोटारसायकल बाजूला घेतली. मला बटण दाबता येईना. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेऊन चालू केला, स्पीकर लावला आणि दोघांच्या मध्ये धरला.

काकू बोलत होत्या, रस्त्यावरच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याच्या मोबाइलवरून. कुसुंबा सोडल्यावर गाडीत वास यायला लागला, पण बाहेर पऱ्हाट्या जळत होत्या, म्हणून त्यांनीच काचा वर करायला लावल्या. मग अक्का खोकायला लागली. नानांच्या पायाशी धूर दिसला आणि गाडी थांबेपर्यंत ज्वाळ वर आली होती. मागचं दार उघडून अक्का आणि बाळ आधी उतरली. नाना उतरले नाहीत. त्यांनी खाली हात घातला आणि ती वायर मुठीत धरून उपटली, मगच आग थांबली. काकू हे सगळं एका दमात बोलल्या.

“बाळ चांगलं शे,” त्या म्हणाल्या. “अक्का बी चांगली शे. नानाले साक्रीना दवाखानामा लई गयात. उजवा हातनं कातडं वायरले चिकटी गयं. संगे जायेल माणूसना फोन उना, डॉक्टर म्हणस, बोटं वळतीन का नही, ते आते सांगता येत नही.”