न जोडलेले कॉल

महाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमधला एक ऑपरेटर माझ्या मनातून अजून गेलेला नाही. साठच्या दशकात मी तिथे फौजदार होते. दारूबंदीचे दिवस. खबर आली की आंबेनळी घाटातून दारूची गाडी उतरते आणि बाजारातल्या एका किराणा दुकानदाराला मुंबईहून फोनवर आगाऊ कळतं.

मी एक्स्चेंजमध्ये गेले. ऑपरेटर उमरठकडचा, चाळिशीचा, नाकासमोर चालणारा. त्या दुकानाचे कॉल ऐकून मला सांगा, म्हटलं.

"लेखी हुकूम हाय का, बाई?"

"मी सांगतेय ना?"

"तुमी सांगताय, पण नोकरी माझी जाईल."

लेखी हुकूम वरून यायचा, त्याला महिना लागला असता. मी आवाज चढवला, तेव्हा तो कसाबसा तयार झाला. पण कागद मागणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव. त्याच्यावर माझा संशय बसला.

पंधरा दिवसांत दोन गाड्या निसटल्या आणि त्याचं एकच पालुपद, दुकानाच्या फोनवर काही बोलणं झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला ठाण्यावर आणून बसवलं.

"दुकानदाराने किती दिले?" मी विचारलं.

"चहासुद्धा पाजला नाय त्यानं," तो चिडला. "बाई, बोलणं होतच नाय, तर ऐकू काय? मुंबईवाला दुकानावर मोरेंना मागतो. दुकानदार म्हणतो, मोरे नाहीत. मागितलेला माणूस नसला की कॉल जोडायचाच नाय, रद्द. कधी शिंदेंना मागतो. तेबी नसतात."

"एवढे दिवस हे का नाही सांगितलं?"

"तुमी बोलणं विचारलंत. जे झालंच नाय ते कसं सांगू?"

मी त्याच्याकडून कॉल नोंदवल्याच्या चिठ्ठ्या मागवल्या. ज्या दिवशी मोरेंना मागितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी उतरली होती. शिंदेंना मागितलं तेव्हा गाडी आलीच नव्हती. मोरे नावाचा कोणी त्या दुकानात फिरकतही नव्हता. पुढचा 'मोरे' आला आणि आम्ही पोलादपूरच्या पुढे, वळणावर, गाडी अडवली. माल सापडला.

कोर्टात आरोपीच्या वकिलाने विचारलं, टेलिफोनच्या नोकराने पोलिसांना ही माहिती कोणत्या हुकमाने दिली? माझे वरिष्ठ आधीच म्हणाले होते, "आपण सद्हेतूने काम केलंय, आपल्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याचं त्याच्या खात्याने बघावं. तुम्ही मोघम बोला."

मी मोघम बोलले नाही. त्याला वाचवावं म्हणून शपथेवर खरं सांगितलं, मी तोंडी दबाव आणला, त्याने लेखी मागितलं, मी दिलं नाही. आरोपींना शिक्षा झाली. त्याच्या खात्याने माझीच साक्ष त्याच्याविरुद्धच्या चौकशीत वापरली. हुकमाशिवाय माहिती दिल्याचा याहून चांगला पुरावा कुठला? त्याला काढून टाकलं. मी त्याच्या खात्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, पोलिसांना असलेलं संरक्षण टेलिफोनच्या नोकराला लागू नाही.

मी त्याच्या घरी गेले. बायको दारातच उभी राहिली. "तुमचं काम झालं ना गो बाई? मग आता इथं काय?"

मी तशीच परत फिरले. संशय घेणं हे माझं काम होतं, त्याबद्दल मला आजही खंत नाही. पण माझ्या शब्दावर दुसऱ्याने जोखीम घ्यावी, असं मी पुन्हा कोणाला सांगितलं नाही. त्या केसबद्दल माझ्या सेवापुस्तकात 'उत्तम तपास' असा शेरा आहे.