दुबई ते मुंबई, तीन तास
जुन्या तिकिटांचा लाल कार्बन परवा बोटांना लागला आणि अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं विमान-रेल्वेच्या तिकिटांचं बुकिंग ऑफिस आठवलं. कापूस बुडाल्याची वर्षं, बाजार सुनाच असे. एका दुपारी गल्लीतले टेलरचाचा आले, गळ्यात टेप तसाच. "दुबईहून मुंबईले विमानाले किती टाइम लागते?" "तीन तास," मी म्हणालो. "मंग पोरगा सांजेलोक येते. त्याची माय सकाळी गेली, मय्यत थांबवली हाये." मुंबईहून अकोल्याला पुढे रात्रभराची गाडी होती, म्हणजे मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचणार. मी तसं सांगितलं. चाचांनी आमच्याच फोनवरून मुलाला सांगितलं, "आराम से आ बेटा, अब जल्दी नहीं है," आणि ते दफनाला गेले. मी पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं. तेव्हा काहीच वाटलं नाही. आज त्यांच्या वयाचा झालोय, तरी त्यांना काय म्हणायला हवं होतं, ते सुचत नाही.