आधी अंग, मग शिंगं

शिकारीबद्दल माझी मतं ठाम होती आणि आजही आहेत. अमेरिकेत ॲन आर्बरला शिकत असताना मी बर्फात उभी राहून बसस्टॉपवर पत्रकं वाटली आहेत. मथळा माझाच होता : 'भिंतीवर मुंडकं, डोक्यात काय?' लोक मथळा वाचून हसायचे आणि पत्रक कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायचे. मग नोकरी लागली, मी टेक्ससमध्ये अर्विंगला आले, आणि आल्या आल्या कळलं की ज्यांच्या घरी मी दर रविवारी जेवते ते बाबांचे नागपूरचे मित्र, आमचे काका, शिकारी आहेत. सहज हौस म्हणून जाणारे नाहीत, रीतसर लीजवर जाणारे.

लीज म्हणजे काय ते सांगते. तिकडे रान कुणाच्या तरी मालकीचं असतं. मालक ते हंगामासाठी शिकाऱ्यांच्या एका टोळीला देतो. टोळीचा एक कॅप्टन असतो. कोणतं हरीण मारायचं, कोणतं सोडायचं, पुढच्या हंगामात कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, सगळं त्याच्या हातात. ऑफिसात डेटाबेस सांभाळणाऱ्या आणि डब्यात ठेचा नेणाऱ्या आमच्या काकांना अशा टोळीत घ्यायला कुणी तयार नव्हतं. किती वर्षं ते दारं ठोठावत होते. शेवटी एका टोळीने घेतलं, तेही चाचणीवर. हा हंगाम बघू, मग ठरवू. आणि हंगामाचा शेवटचा शनिवार-रविवार आला होता. पुढच्या वर्षी काका तिथे असणार की नाही, ते त्या दोन दिवसांत ठरणार होतं.

"तू चल बरोबर," काका म्हणाले. "पत्रकं लिहितेस ना? एकदा बघून तर लिही."

काकूंनी डबा भरता भरता मला बजावलं, "तिथे तोंड उघडू नकोस बरं का. हरणं पळतील. आणि यांचंही नाव कापलं जाईल."

मी गेले. लढायचं असेल तर समोरचा माणूस बघितलेला बरा.

वाटेत काकांनी मला त्यांचा फोन दिला. रानात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले नर त्यात होते. एकामागून एक फोटो, सगळे ठरल्या वेळी मका उडवणाऱ्या फीडरपाशी तोंड खाली घालून उभे.

"अंगठा धर त्याच्या डोक्यावर," काका गाडी चालवता चालवता म्हणाले. "शिंगं झाक. आता सांग वय."

"मला काय माहीत?"

"मान बघ. मान आणि खांदा वेगळे दिसतात का? पोट सरळ आहे की लोंबलंय? पाठ खचलीय का? पाय लांब वाटतात की आखूड? पाच वर्षांच्या आतला नर मारायचा नाही, हा आमच्या लीजचा नियम. शिंगं बघितलीस की फसलीस. चांगलं खाल्लेल्या पोरसवदा नरालाही झकास शिंगं येतात. आधी अंग, मग शिंगं. कॅप्टन पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

"म्हणजे मुलगी बघायला गेल्यासारखं. चालून दाखव, वळून दाखव, दात दाखव."

"दात मेल्यावर बघतात," काका म्हणाले. "आणि तिथे निदान पोहे तरी मिळतात."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. कारण माझा खरा आक्षेप पुढे होता. वयाच्या नियमाला एक अपवाद होता : 'कल', इंग्रजीतला cull. ज्याची शिंगं वेडीवाकडी, एका बाजूला कमी, तो कल. त्याला वयाचं संरक्षण नाही. तो कळपातून काढायचाच. का? तर त्याचं रक्त चांगलं नाही, ते पुढे पसरू नये म्हणून. हे काकांनी इतक्या सहज सांगितलं की मी फोन खाली ठेवला. रक्त चांगलं नाही! पुण्यात कॉलेजला असताना स्थळांच्या जाहिरातींतल्या 'उच्च घराण्या'वर आम्ही पत्रक काढलं होतं. ती भाषा मला इथे, मेस्किटच्या झुडपांत, हरणांच्या तोंडावर मारलेली भेटेल असं वाटलं नव्हतं.

"काका, हे तुम्हाला पटतं?"

"नियम त्याचा आहे," काका म्हणाले, आणि रेडिओ लावला.

कॅप्टन आम्हाला कॅम्पवर भेटला. उंच, साठीचा, हळू बोलणारा माणूस. हॅट काढून माझ्याशी हात मिळवला, कॉफी दिली. मला तो आवडू नये असं फार वाटत होतं, पण कॉफी चांगली होती. सकाळी तो स्वतः आमच्याबरोबर मचाणात बसणार होता. चाचणीवरच्या माणसाच्या शेवटच्या फेरीला कॅप्टन बसतोच, अशी तिथली रीत.

मचाण म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी पेटी. तीन खुर्च्या, तीन बाजूंना अरुंद खिडक्या. मध्ये काका, त्यांच्या उजवीकडे कॅप्टन, मागे मी. खिडकीच्या फळीवर रायफल टेकवलेली. थंडी अशी की श्वास दिसत होता. आणि बोलायचं नाही. मी आयुष्यात सलग इतका वेळ गप्प बसले नव्हते. घशात अख्खं भाषण अडकलं होतं आणि समोर नुसतं पिवळं गवत.

फीडर फिरला, मका उडाला. आधी माद्या आल्या. त्यांच्यामागून, झाडीच्या कडेने, तो आला.

उजवं शिंग जेमतेम वीतभर, आणि तेही चुरगळल्यासारखं कानावर वळलेलं. डावं मात्र सुंदर, भरपूर टोकांचं. कॅप्टनने दुर्बीण खाली केली आणि कुजबुजला, "कल. तुझा आहे."

काकांनी रायफलच्या दुर्बिणीला डोळा लावला. मी मागून माझा अंगठा उचलला आणि एक डोळा मिटून हरणाच्या डोक्यावर धरला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. शिंगं झाकल्यावर उरलं ते एक सडपातळ, लांब पायांचं जनावर. पोट सरळ. मान खांद्यापासून साफ वेगळी.

"तीन वर्षांचा," काका हळूच म्हणाले.

"पाचाचा," कॅप्टन म्हणाला. "माज संपलाय, माद्यांमागे धावून धावून उतरलाय, म्हणून बारीक दिसतो. आणि पाच असो, तीन असो. कल आहे. मार."

माझ्या पायाच्या बोटांची जाणीव गेली होती. काकांचं बोट ट्रिगरच्या बाहेर, सरळ. नियमाप्रमाणे. हरीण आडवं उभं होतं, शिकारी ज्याची वाट बघतात तसं. मला ओरडायचं होतं. एक खोकला पुरला असता. पण काकूंचे शब्द आठवत होते, आणि काकांनी इतकी वर्षं ठोठावलेली दारंही. माझ्या तत्त्वासाठी त्यांची जागा मी घालवायची? मी दातांखाली हातमोजा धरला.

"चालू दे त्याला जरा," काका पुटपुटले.

"कशासाठी?"

हरणाने एका मादीला हुसकावलं आणि चार पावलं टाकली. तेव्हा मलाही दिसलं. मागचा डावा पाय तो पुरा टेकवत नव्हता. टेकवायचा आणि चटकन उचलायचा. मांडीवर जुना व्रण होता, तिथे केस उलटे उगवले होते.

"पाय दुखावलाय त्याचा," काका म्हणाले. "डावा, मागचा. म्हणून उजवं शिंग बिघडलंय. तूच सांगितलं होतंस, मागच्या पायाला लागलं की पलीकडचं शिंग वाकडं येतं. रक्ताचा काही संबंध नाही यात."

कॅप्टन बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिला. मला वाटलं, आता मान्य करेल. पाय त्यालाही दिसत होता, आंधळा नव्हता तो.

"असेल," तो म्हणाला. "पण मालकाला फोटोत ते शिंग दिसतं, पाय दिसत नाही. मी त्याला सांगितलंय, हा या हंगामात जाईल. मार."

"नाही."

"मग रायफल दे इकडे."

त्याने हात पुढे केला. दरडावून नाही, मीठ मागावं तसा. तो हात रायफलच्या दस्त्यावर पडला तेव्हा काकांचा हात अजून तिथेच होता. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, दोघंही हरणाकडे बघत होते. हरणाने मान वर केली आणि सरळ आमच्या दिशेने पाहिलं.

मग काकांनी रायफलचा बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून फळीवर आपटलं, तिथून जमिनीवर घरंगळलं. त्या शांततेत भांडी पडल्यासारखा आवाज झाला. सगळ्या शेपट्या एकदम वर उठून पांढऱ्या झाल्या आणि रान रिकामं झालं.

"मारायचं नाही ठरलं की आधी बंदूक रिकामी करायची," काका म्हणाले. "हासुद्धा तुझाच नियम आहे."

कॅप्टनने वाकून काडतूस उचललं, काकांच्या हातावर ठेवलं आणि शिडी उतरला.

कॅम्पवर बाकीचे शिकारी अंडी तळत होते. कॅप्टनने काकांना बाजूला घेतलं नाही, सगळ्यांसमोरच सांगितलं, "पुढच्या वर्षी आपण एकत्र नसू. तू चांगला माणूस आहेस. पण इथे वय मी ठरवतो, आणि कलही."

आता माझं तोंड कोण बांधणार?

"नियम कोणी मोडला?" मी विचारलं. "आधी अंग, मग शिंगं, हे तुम्हीच शिकवता ना? यांनी अंग बघितलं, पाय बघितला. तुम्ही फक्त शिंग बघितलंत. यांनी तुमचा नियम पाळला म्हणून तुम्ही यांना काढताय!"

अंडी तळणाऱ्याने गॅस बारीक केला. कॅप्टन माझ्याकडे वळला. "मॅम, हे रान माझं नाही. मालकाला जसा कळप हवा तसा दिसला नाही, तर इथले सगळेच बाहेर. मला याच्यासाठी या सगळ्यांची जागा घालवता येत नाही."

"म्हणून लंगडं जनावर मारायचं?"

"अगं, पुरे," काका मराठीत म्हणाले. "पत्रक नंतर लिही. आधी खुर्च्या उचल."

परतीच्या वाटेवर मी उकळत होते. हे अन्यायाचं आहे, मालकाला पत्र लिहूया, बाकीच्या एकेकाशी बोलूया, निदान दोघं-तिघं तरी आपल्या बाजूने येतील, असं माझं चाललं होतं. वेदरफर्ड गावाच्या अलीकडे काकांनी गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि इंजिन बंद करून माझ्याकडे वळले.

"तुला काय वाटतंय, मी तुझ्या पार्टीत आलो? तो पाच वर्षांचा, धडधाकट असता तर मी मारला असता. आणि आता डिकीत मटण असतं. कळलं?"

"कळलं."

"मला शिकार आवडते. आजही आवडते."

"मला नाही आवडत, काका. आजही नाही."

"मग झालं तर," म्हणून ते पेट्रोल भरायला उतरले.

पुढच्या रविवारी मी जेवायला गेले तर काका स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन घेऊन बसले होते, स्पीकरवर. दुसऱ्या एका लीजच्या कॅप्टनशी बोलत होते. सगळं नीट चाललं होतं. मग तिकडून प्रश्न आला, आधीची लीज का सोडली?

काकूंनी पोळी तव्यावर टाकता टाकता जोरात मान हलवली. सांगू नका, काहीतरी दुसरं सांगा. मीही, खरं सांगते, तेच म्हणणार होते. म्हणा, लांब पडत होतं.

"सोडली नाही, काढलं मला," काका म्हणाले. "कल मारायला सांगितला होता. जखमी होता, तीन वर्षांचा. मी मारला नाही."

तिकडून एवढंच आलं, "मी परत फोन करतो."

आम्ही जेवलो. वरणभात झाला, ताक झालं, फोन काही आला नाही. काकूंनी ताटं उचलली. काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पुढचा नंबर फिरवला.