चौथा खडा

शुभदा मूळची गुहागरकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी नेदरलँड्सला आली, दोन वर्षं घरात बसून विटली आणि बाडहूव्हडॉर्पातल्या एका हॉटेलात बैठकीच्या खोल्या लावायच्या कामाला लागली. विमानतळ हाकेच्या अंतरावर. मोठी माणसं उतरत, बंद दाराआड बोलत, परत उडून जात. शुभदाला त्यांचं सोयरसुतक नसे. कॉफी भरावी, उष्टं काढावं, सायकलला टांग मारून घरी यावं.

या खेपेला मात्र जीव अडकला होता. तिचा धाकटा भाऊ अभिराम मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला. दोन देशांनी एका चिंचोळ्या समुद्रात आपापल्या लढाऊ बोटी समोरासमोर आणून उभ्या केल्या, आणि अभिरामचं जहाज मधोमध नांगर टाकून एक्केचाळीस दिवस पडलेलं. माजलेल्या रेड्यांच्या टकरीत कुंपणाचं मरण. कुणी किती लढाऊ बोटी ठेवायच्या, किती मागं न्यायच्या, याची बोलणी नेमकी शुभदाच्या हॉटेलात लागली. इकडचे तिघं, तिकडचे तिघं.

ती आत गेली की सगळे मुके. पण ताटल्या बोलतात. पहिल्या दिवशी पावाला कुणी बोट लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताटल्या लख्ख, आणि एक म्हातारा पलीकडच्याकडे साखर सरकवत होता. शुभदाला वाटलं, गाडं हललं बरं का.

एकच गोष्ट तिला खुपत होती. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिच्या गावात सोयरीक ठरवायला तिघं निघाले तर चौथा म्हणून खिशात खडा टाकत, त्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. तिच्या लग्नाच्या बोलणीलाही बापानं नेलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं हॉटेलच्या दारातल्या कुंडीतले दोन खडे उचलले. या मुलखात पायाखाली नुसता चिखल नि वाळू; खडेसुद्धा विकत आणून कुंडीत घालतात. धुऊन पुसून एक इकडच्यांच्या पाण्याच्या सुरईमागं ठेवला, एक तिकडच्यांच्या. दुजाभाव नको.

अकराच्या सुमाराला आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि पहारेकरी धावले. पाणी घेताना इकडच्या एकाच्या हाताला खडा लागला होता. त्याला वाटलं, आत चोरून ऐकायचं यंत्र आहे. इकडचे तिकडच्यांना म्हणाले, तुम्ही ठेवलंत. तेवढ्यात तिकडच्यांना दुसरा सापडला, मग तेही तसंच म्हणाले.

शुभदा गप्प राहिली असती तरी चाललं असतं, तिच्यावर कुणाचा संशय नव्हता. पण ती सरळ तिच्या वरच्या बाईकडे, मरायकेकडे गेली.

"ते खडे माझे आहेत. नुसते दगड आहेत."

"कशाला ठेवलेस?"

"तिघांचं काम फिसकटतं. चौथा लागतो."

"आता फिसकटलंच की," मरायके म्हणाली.

पहारेकऱ्यांनी खडे फोडले. आत दगडच निघाला. तोवर एक बाजू विमानतळावर पोचली होती. शुभदाची कबुली त्यांना फोनवर कळवली, तर उत्तर आलं की असल्या कहाण्या पोरांना सांगा. त्यांना मुळात उठायचंच होतं का, देव जाणे. पण भांडणाला निमित्त लागतं, आणि ते हिनं धुऊन पुसून टेबलावर मांडलं होतं.

उद्यापासून येऊ नको, असं तिला सांगितलं. ती सायकलचं कुलूप काढत होती तेव्हा अभिरामचा फोन आला. बऱ्याच दिवसांनी लागला होता.

"ताई, तू तिथंच असतेस ना? काय म्हणतायत?"

"मोडली बोलणी. परत गेले."

"कशावरनं?"

तिनं सगळं सांगितलं, खडे कुठून घेतले तेसुद्धा. तो म्हणाला, आईला यातलं सांगू नकोस. आणि उद्यापासून माणशी एकच बादली पाणी मिळणार, प्यायचं नि अंगाचं सगळं त्यातच, असं कप्तान म्हणाला.

"मग जपून वापर," शुभदा म्हणाली.