लाल करायची घाई

"अबे, त्याला लिहू तर दे!" असं म्हणून भाई टेबलावर थाप मारत आणि माझा चहा सांडे.

वेबसाइट बनवणाऱ्या आमच्या सिडकोतल्या छोट्या ऑफिसात भाई सगळ्यांत जुने. ऑनलाइन फॉर्मच्या चौकटींना सीएसएस नावाच्या कोडनं रंग द्यायचं काम त्यांचं. रिकामी चौकट करडी, भरायला घेतली की निळी, बरोबर असली तर हिरवी, चुकली तर लाल. मी नवा होतो. माझा फॉर्म उघडला की सगळा लालभडक, कुणी अक्षरही लिहिलेलं नसताना!

"घरी पाहुणा आला, तर चप्पल काढायच्या आधीच त्याला झापतो का तू?" भाईंनी विचारलं. "लिहू दे, चौकटीबाहेर पडू दे, मग काढ चूक."

तुम्ही म्हणाल, काय समजूतदार माणूस! तर ऐका.

"भाई, उद्या दुपारी..."

"नक्को! सुट्टी नाय मिळणार."

मी त्यांना घरी पुरणपोळीला बोलवत होतो.

समोरच्याचं वाक्य पुरं झालेलं भाईंना सोसत नसे. फक्त एका वेळी ते गप्प असत. नवा फॉर्म झाला की कुरिअरवाला असो की पाण्याचे जार आणणारा, जो येईल त्याला ते फॉर्म भरायला बसवत आणि हाताची घडी घालून मागं उभे राहत. भरणारा उठेपर्यंत बोलायचं नाही, हा त्यांचाच कायदा. तेवढ्यात आम्ही आपसांतलं बोलून घेत असू.

एका दुपारी त्यांची लेक आली. तिला बंगलोरला, तिच्या खालाच्या म्हणजे मावशीच्या गावी, नोकरी लागली होती आणि संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. घरी 'अब्बा, बंगलोर...' म्हटलं की 'नक्को' ठरलेलं, असं तिनं मला दारातच सांगितलं. मग सरळ जाऊन ती भाईंच्या नव्या फॉर्मपुढं बसली. पैठणच्या एका साडीवाल्याचा फॉर्म होता. 'आपले म्हणणे' या चौकटीत तिनं लिहायला घेतलं.

'अब्बा, काम अच्छा है. हॉस्टेल लडकियों का है. खाला भी वहींच है. आप आधा सुनके नक्को बोलते.'

भाईंचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कान लाल झाले. पण करतात काय, कायदा घरचाच! आम्ही सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होतो आणि कुणीच काही वाचत नव्हतं.

तिनं बाहेर क्लिक केलं. चौकट हिरवी झाली. ती उठली.

"हुआ अब्बा. अब बोलो."

भाईंनी चौकटीतलं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं.

"खाला का घर वहाँ से कित्ता दूर है?" त्यांनी विचारलं.

लेक बंगलोरला गेली. पुढं निवृत्त होऊन भाईही तिच्याकडे गेले. आता ऑफिसात कुणाचाही चहा सांडत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

परवा त्यांना फोन केला. आठवण येते, एवढंच सांगायचं होतं. ते काही जमेना, म्हणून उन्हाचं, फॉर्मचं, कशाचंही बोलत सुटलो. पलीकडून एकदाही 'नक्को' नाही. फोन कटला की काय, असं वाटलं.

"भाई, आहात ना?"

"हाय ना," ते म्हणाले. "तुझं अजून व्हायचंय. बोल."