डब्यात उरलेला साहेब

आमच्या सांता क्लेतातलं थिएटर बंद पडून वीस वर्षं झाली, तरी मशीन चालवणारा एवारिस्तो ते रोज झाडायचा. त्याच्याकडे एक गंजका डबा होता. त्यात रेनातो विलास्काचा पहिला सिनेमा, बारा मिनिटांचा. पोरसवदा रेनातोने अख्ख्या गावाला उन्हात मिरवणुकीत चालवून तो काढला, घरोघरी फुकट जेवला आणि राजधानीत जाऊन मोठा झाला. पुढे त्याच्या तोंडून गावाचं नावही कधी निघालं नाही.

चाळीस वर्षांनी स्वारी उगवली. पांढरी हॅट, मागे चार चमचे. कसलासा सन्मान व्हायचा होता, त्यासाठी साहेबांना तो विसरलेला सिनेमा हवा होता. दुसरी प्रत कुठेच नव्हती. थिएटरसमोर मक्याचे वाफवलेले तामाले विकणारी मी, धंदा सोडून तमाशा बघायला आत शिरले.

एवारिस्तोने मशीन लावलं. पडद्यावर टेकडी. टेकडीवर एकटा तरुण रेनातो, कारण नायकही स्वतःच! नुसता लांब कुठेतरी बघतोय. चार मिनिटं बघितलं आणि खेळ खलास.

"बाकीचं कुठंय? मिरवणूक? माणसं?" साहेब किंचाळले.

"मेली," एवारिस्तो म्हणाला.

त्या काळी गावात फोटोवाला नव्हता. मृतांच्या दिवशी घरात वेदी मांडून गेलेल्याच्या फोटोपुढे त्याच्या तहानेसाठी पाणी ठेवायचं, तर चेहरा आणायचा कुठून? मग घरचे लोक एवारिस्तोकडे येत. तो फिल्ममधून त्या माणसाचा सगळाच्या सगळा तुकडा कापून देई. अर्धा माणूस डब्यात कोंडून ठेवणं त्याला पटत नसे. शेवटचा तुकडा त्याच्याच बायकोचा, एर्मिंदाचा, आदल्याच वर्षी कापलेला.

"गोळा करून आण सगळे! चिकटवू. माझी कलाकृती आहे ती, गाढवा!"

"वेदीवरचं माणूस उचलत नाहीत, रेनातो. हिंमत असेल तर जा, माग घरोघरी. माझ्या एर्मिंदापासून सुरू कर."

साहेबांची हिंमत झाली नाही. चार मिनिटांपुरतं उरलेल्या स्वतःला तिथेच टाकून ते गाडीत बसले. मी पोट धरून हसले.

दोन वर्षांनी रेडिओवर कळलं, साहेब गेले. राजधानीत म्हणे भाषणांवर भाषणं झाली. त्या वर्षी मृतांच्या दिवशी मी तामाले घेऊन एवारिस्तोकडे गेले, तर वेदीवर एर्मिंदाशेजारी टेकडीवाली पट्टी आणि तिच्यापुढे पाण्याचा पेला.

"या उपटसुंभाला कशाला पाणी?" मी भडकलेच.

"त्याचा तुकडा मागायला कोणी आलंच नाही गं," एवारिस्तो म्हणाला. "आणि सगळ्यांत जास्त वेळ उन्हात तोच उभा होता."