वाफ्यात लावलेली पोर

कापसाचा भाव माहीत नसलेला माणूस त्या काळात अख्ख्या अमरावतीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या कुंपणाला लागून राहत होता. अमेरिकेत लढाई पेटली, विलायतेला आमचा कापूस हवासा झाला, आणि लोकांनी परसातली तुळस तेवढी ठेवून बाकी जागेत कपाशी लावली. शेजारचा माळीआजा मात्र वांगी, मिरच्या आणि दोडकी घेऊन बसला होता. एक व्यापारी त्याची जमीन मागायला आला, तर आजाने त्याच्या हाती दोडक्याचा वेल दिला आणि स्वतः सुतळी शोधायला गेला. बिचारा तासभर वेल धरून उभा होता. किंमत न सांगताच परतला. वांग्याला आजा अरे-तुरे करी, दोडक्याला शिव्या घाली, पण मिरचीशी अहो-जाहोनेच बोले. कारण विचारले तर म्हणाला, "मिरचीची इज्जत ठेवा लागते, भाऊ. नाई तं डोयात जाते."

इथवर मलाही हसू येई. पण माझी मुलगी सव्वादोन वर्षांची होऊनही पाऊल टाकत नव्हती. तिच्याआधीची दोन आम्ही गमावली होती, म्हणून हिला जमिनीवर ठेवलीच नाही. कडेवरून मांडीवर, मांडीवरून पाळण्यात. वैद्याने दिलेले तेल चार शेर जिरले. मी बाजारात दिवसभर कापूस तोलायचो, आणि ही कधी चालेल की नाही याखेरीज डोक्यात काही नसायचे. आजा रोज म्हणे, "पोरगी माह्याकडं द्या." मी देत नसे. त्याची विहीर वाफ्यापासून अकरा पावलांवर होती. मी तीनदा मोजली होती. कठडा नव्हता. विंचू मला दोन दिसले होते. न दिसलेल्यांची गणती कोण करणार?

एका सकाळी पाळणा रिकामा दिसला. धावत परसात आलो, तर बायको कुंपणाशी उभी, आणि पलीकडे वांग्याच्या ओल्या वाफ्यात माझी मुलगी घोट्यापर्यंत पुरलेली! दोन्ही हातांनी तिने आजाचे बोट धरले होते.

मी कुंपण ओलांडून विहिरीच्या बाजूला हात पसरून उभा राहिलो. "आजा, ती रोप नाही, मुलगी आहे!"

"मंग काय झालं? पाय तं दोघायचेबी मातीतच लागते."

"सर्दी होईल. विंचू चावेल."

"तुमी कावून एवढे भेऊन राह्यले? तुमाले पाहून पोरगी भेते. दात काढा जरासे."

"ओरडू नका हो," बायको कुंपणावरून दबक्या आवाजात म्हणाली. "आता ओरडलात तर याद राखा."

मी दात काढले. ते कसे दिसले असतील कोण जाणे. इतक्यात आजाने पायाने माती सारून पाट सोडला. पाणी डोक्यावर फेस आणि एक वाळके पान घेऊन सरपटत आले, तिच्या घोट्यांना वळसा घालून पुढे निघाले. ती खदखदून हसली. पान लांब जाऊ लागले तशी तिने आजाचे बोट सोडले. चुळूक करून एक पाय उपटला. मग दुसरा. पाण्यामागे ती सात पावले चालली आणि आठव्याला फतकल मारून बसली. बायको कुंपण धरून रडत होती.

मी आजासमोर रुपया धरला. त्याने ढुंकूनही पाहिले नाही. "वांग्याची तीन रोपं तुडवली पोरीनं. त्याचे तीन पैसे झाले. अन् तुमच्या हातून नाई घेत. जिनं तुडवली तिनंच आणून द्याव."

दुसऱ्या दिवशी तिच्या मुठीत तीन पैसे दिले. गिळेल की काय, म्हणून मी ओणव्यानेच मागे चाललो. मध्येच ती वाफ्यात बसली आणि एक पैसा बोटाने मातीत खोल दाबला. मी उकरायला वाकलो, तर आजाने मनगट धरले. "राहू द्या, भाऊ. लावला तिनं."

दोन वर्षांनी आजा गेला. पुतण्याने सगळे वाफे मोडून कपाशी पेरली, तोवर भावही उतरला होता. मुलगी आता इतकी धावते की मला दमवते. आजा मात्र तिला आठवत नाही. नेमके सांगायचे तर दोन पैसे आजाला पोचले आणि एक त्या वाफ्याला. तिथे तो शेवटपर्यंत रोज एक तांब्या पाणी जास्त घालत असे.